इंडक्शनवर ‘ई’ दिसला तर, मेकॅनिकला बोलावण्याआधी

गेल्या आषाढात आमच्या कोपरखैरण्याच्या इमारतीत पाइप गॅस दुरुस्तीसाठी दिवसभर बंद होता. दुपारी वरच्या मजल्यावरच्या काकू इंडक्शनची शेगडीच उचलून खाली घेऊन आल्या. “अगं, नवीकोरी आहे आणि ‘ई शून्य’ दाखवून नुसती ओरडतेय. पैसे पाण्यात गेले बघ.” वर काय ठेवलं होतं, म्हणून विचारलं, तर हिंडालियमची कढई! आमचा स्टीलचा टोप ठेवला आणि चार मिनिटांत पाण्याला आधण आलं. शेगडी ठणठणीत होती, भांडं चुकलं होतं.

तेव्हापासून मजल्यावर कुणाच्याही शेगडीने ‘ई’ दाखवला की बोलावणं मला येतं. त्यातून एक कळलं: कोड हे बिघाडाचं नाव नसतं, ती तक्रार असते. काचेखाली तापमान मोजणारा एक सेन्सर असतो, आत कॉइलला वीज पुरवणाऱ्या भागाजवळ दुसरा, शिवाय भांडं आहे की नाही आणि व्होल्टेज किती आहे हे बघणारं सर्किट. यांतल्या कुणी कुरकुर केली, तेवढंच तो आकडा सांगतो. कुरकुरीचं कारण बऱ्याचदा शेगडीबाहेरच सापडतं.

आकड्याचा अर्थ मात्र नेटवरच्या तक्त्यात शोधू नका. भांडं नसल्याची खूण बऱ्याच शेगड्यांत ‘ई०’ असते खरी, पण पुढच्या आकड्यांचा एकमेकांशी मेळ नाही. एका कंपनीचा ‘ई३’ म्हणजे जास्त व्होल्टेज, तर दुसरीचा ‘ई३’ म्हणजे सेन्सर खराब. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही फरक पडतो. शेगडीच्या पोटाला चिकटवलेल्या स्टिकरवर मॉडेल नंबर असतो. त्याच मॉडेलची पुस्तिका बघा, हरवली असेल तर कंपनीच्या साइटवर मिळण्याची शक्यता असते. आणि हो, ओट्यात बसवलेल्या हॉबवर नुसता ‘एच’ दिसला तर बहुतेक वेळा काच अजून गरम आहे एवढाच त्याचा अर्थ, आणि ‘एल’ म्हणजे मुलांसाठीचं लॉक. त्यासाठी फोनाफोनी नको.

आधी फोटो, मग प्लग

कोड दिसताच मोबाइलवर फोटो काढा, कारण बटण बंद केलं की तो जातो. आतला पंखा थांबू द्या, मग प्लग काढून दहा मिनिटं शेगडीला हात लावू नका. बटणांवर पाणी किंवा दूध सांडलं असेल तर कोरड्या फडक्याने पुसा, ओलं बोट लागलं तरी टच पॅनल गोंधळतं. मग चालणाऱ्या भांड्यात लिटरभर पाणी ठेवून पुन्हा सुरू करा. १८०० वॉटला ते साधारण चार मिनिटांत उकळायला हवं. उकळलं आणि कोड आला नाही, तर विषय संपला.

भांडं

फ्रिजवरचं चुंबक भांड्याच्या बुडाला लावा. घट्ट चिकटलं तर भांडं चालेल. शेगडीतली कॉइल सेकंदाला वीस हजारांहून जास्त वेळा बदलणारं चुंबकीय क्षेत्र तयार करते आणि त्याने भांड्याचं बूडच तापतं. ॲल्युमिनियम, हिंडालियम, तांबं, पितळ यांवर ते लागू पडत नाही. बिडाचा तवा उत्तम चालतो. स्टीलचा मात्र नेम नाही, एकाच दुकानातून घेतलेले दोन टोप, एकाला चुंबक चिकटतं, दुसऱ्याला नाही. एकट्यापुरत्या चहाचं बारकं पातेलं चुंबकाला चिकटलं तरी चालेलच असं नाही, बऱ्याच शेगड्यांना बूड १२ सेंटिमीटर तरी लागतं. बूड फुगलेला जुना कुकर काचेवर डुगडुगतो, तोही कोड आणू शकतो.

सॉकेट आणि व्होल्टेज

माझ्या मते आपल्याकडची खरी गडबड इथे आहे. २००० वॉटची शेगडी २३० व्होल्टवर जवळपास ९ अँपिअर ओढते, आणि आपण ती मिक्सरच्या ६ अँपिअरच्या सॉकेटला कन्व्हर्टर लावून चालवतो, नाहीतर एक्स्टेन्शन बोर्डवर. वायर तापते, व्होल्टेज पडतं, शेगडी कोड देऊन बंद होते आणि बोल मात्र तिला लागतो. जाड पिनांचा १६ अँपिअरचा सॉकेट हवा, आणि त्याच लाइनवर गीझर नको. वापरानंतर प्लग हाताला चटका देत असेल किंवा सॉकेट काळवंडला असेल, तर आधी वायरमनला बोलवा.

सॉकेट ठीक असूनही व्होल्टेजचाच कोड येत असेल, तर वेळ टिपून ठेवा. उन्हाळ्यात रात्री सगळ्यांचे एसी सुरू झाल्यावरच येतो का? शेजाऱ्यांकडेही दिवे मंद होतात का? मग महावितरणच्या १९१२ वर तक्रार नोंदवा. कळवा-मुंब्रा-शीळ भागात वितरण टॉरंट पॉवरकडे आहे, तिथल्यांनी त्यांच्याकडे. पण दिवे अचानक भगभगीत झाले, पंखे सुसाट फिरू लागले, तर न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार, सुटल्याची शंका घ्या आणि सगळं सोडून आधी मेन स्विच बंद करा. अशा वेळी टीव्ही-फ्रिजही जळतात.

गरम झाल्याचा कोड

शेगडी खालून हवा ओढते. तिच्याखाली प्लास्टिकचा टेबलक्लॉथ किंवा वर्तमानपत्र अंथरलं की तिचा श्वास कोंडतो. भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, पेटत्या गॅसजवळ ठेवू नका. तवा रिकामाच फुल पॉवरवर तापवत ठेवण्याची सवयही सोडा. पंख्याच्या जाळीत फोडणीचं तेल आणि धूळ मिळून चिकट थर बसतो, तो कोरड्या ब्रशने बाहेरूनच झाडा. आणि झुरळं! ऊब मिळते म्हणून ती आत शिरतात, सर्किटवर घाण करतात. औषध ओट्याच्या कोपऱ्यांत घाला, जाळीतून आत फवारू नका.

हात लावायचा नाही ते

शेगडी गार आहे, भांडं बरोबर आहे, व्होल्टेज ठीक आहे, तरी सुरू करताच तोच कोड येतो. मग सेन्सर, पंखा किंवा सर्किट यांपैकी काहीतरी गेलं आहे. घरी स्क्रू उघडू नका, आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही ३०० व्होल्टच्या आसपास चार्ज राहू शकतो. काचेला केसाएवढी चीर दिसली तरी वापर तिथेच थांबवा, चिरेतून पाणी आत जाऊन शॉक बसू शकतो. प्लग लावताच एमसीबी (बिघाड झाला की आपोआप पडणारा स्विच) पडत असेल तर पुन्हा पुन्हा वर करून बघू नका.

सर्व्हिस सेंटरचा नंबर वॉरंटी कार्डावरून किंवा पुस्तिकेतून घ्या. सर्चमध्ये वर येणारे ‘कस्टमर केअर’ नंबर कधीकधी भामट्यांचे असतात, ते आधी लिंक पाठवून दहा रुपये भरायला सांगतात. मॉडेल नंबर, कोडचा फोटो आणि कोड कधी येतो हे फोनवरच सांगा, म्हणजे माणूस बरोबर सुटा भाग घेऊन येईल. भेटीचे किती आणि दुरुस्तीचे किती, हे तेव्हाच विचारा. भाग बदलला तर जुना मागून घ्या.