बोटीचं इंजिन कधी चालू होतं, कधी होत नाही? दोष असा पकडा

नाथसागरावर (जायकवाडी धरणाच्या जलाशयावर) पहाटे जाळं काढायला निघताना इंजिन एका ओढीत चालू होतं आणि दुपारी परतताना दोरी ओढून खांदा दुखला तरी दाद देत नाही. मेकॅनिककडे नेलं, की तिथं पुन्हा पहिल्या ओढीत सुरू! अशा वेळी अंदाजाने पार्ट बदलत बसू नका. आधी ते नेमकं कधी अडतं ते बघा: थंड असताना की तापल्यावर, काठावर की लाटांत, रोज वापरात असताना की महिनोन्महिने पडून राहिल्यावर. पुढची माहिती दोरीने चालू होणाऱ्या लहान टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालणाऱ्या इंजिनासाठी आहे.

तपासणी बोट काठाला बांधून करा. इंजिन कोरडं चालवू नका, पाणी खेचणाऱ्या पंपाचा रबरी पंखा थोड्याच वेळात खराब होतो. ड्रममध्ये चालवायचं असेल तर पाणी प्रोपेलरच्या वरच्या आडव्या पट्टीच्याही वर हवं.

सगळ्यात आधी फुकटातल्या गोष्टी. बंद करायच्या बटणाची लाल दोरी नीट अडकवली आहे का? गिअर न्यूट्रलला आहे का? टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का? हा स्क्रू बंद राहिला तर इंजिन काही मिनिटं छान चालतं, मग टाकीत हवा शिरत नसल्याने पेट्रोल येणं थांबतं. झाकण उघडताना 'फुस्स' करून हवा आत ओढली गेली, तर दोष सापडला. उलट मे महिन्याच्या उन्हात टाकी तापली असेल तर हवा बाहेर येते, म्हणून झाकण हळू उघडा आणि बिडी-काडी लांब ठेवा.

आता पेट्रोल. बहुतेक वेळा गडबड इथंच असते. हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतलं पाणी ओढून घेतं. पाणी जास्त झालं की इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्याबरोबर टाकीच्या तळाशी जातं. टाकीतली नळी तळातूनच खेचते. म्हणून काठावर बोट स्थिर असताना इंजिन चालतं आणि वारा सुटून टाकी हेलकावली की मध्येच तळाचं पाणी नळीत येऊन बंद पडतं. खात्रीसाठी टाकीच्या तळातून काचेच्या बरणीत 100 मिली पेट्रोल काढा आणि दहा मिनिटं हलवू नका. ऑइल वरच्या रंगीत थरात राहतं. खाली वेगळा, फिका थर दिसला तर सगळं पेट्रोल काढून टाकी कोरडी करा, फिल्टर बदला. त्या थरात ऑइल नसल्यामुळे पिस्टनही घासतो. नवं मिश्रण 50:1 सांगितलं असेल तर 1 लिटर पेट्रोलला 20 मिली टू-स्ट्रोक ऑइल.

नळीवरचा रबरी फुगा बाणाची दिशा इंजिनाकडे ठेवून दाबा. तो घट्ट व्हायला हवा. घट्ट होऊन लगेच मऊ पडत असेल आणि कुठे पेट्रोल ठिबकत असेल, तर जोडाची रिंग किंवा नळी बदला. फुगा दाबत राहिलं तरच इंजिन चालतं? मग इंजिनावरच्या पेट्रोल खेचणाऱ्या पंपाचा पडदा फाटलेला असू शकतो, किंवा नळीत कुठून तरी हवा शिरते आहे.

ठिणगी पाडणारा प्लग काढून बघा. ओला असेल तर पेट्रोल पोचतंय, पण एक तर ठिणगी नाही किंवा चोक (हवा अडवणारा खटका) जास्त ओढून इंजिन तुंबलं आहे. तुंबलेल्या इंजिनाचा चोक आत ढकला, लाल दोरी काढा, प्लग बाहेर ठेवून पाच-सहा वेळा ओढा, प्लग पुसून बसवा. कोरडा असेल तर पेट्रोलच पोचत नाही, कार्ब्युरेटरकडे (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाकडे) जा. प्लगच्या टोकांमधली फट मॅन्युअलप्रमाणे ठेवा, अशा बऱ्याच इंजिनांत ती 0.9 ते 1.0 मिमी असते.

तापल्यावरच अडणाऱ्या इंजिनाला मात्र त्याच क्षणी गाठावं लागतं. बंद पडताच ठिणगी तपासा. प्लगचा धातूचा भाग इंजिनाला घट्ट टेकवा, प्लगच्या भोकापासून आणि सांडलेल्या पेट्रोलपासून दूर, लाल दोरी पुन्हा अडकवून इंजिनाची दोरी ओढा. ठिणगी नाही, आणि अर्ध्या तासाने निवल्यावर निळी ठिणगी परत आली, तर ठिणगीला वीज पुरवणारी कॉइल किंवा सीडीआय बॉक्स (ठिणगीचा इलेक्ट्रॉनिक डबा) तापून दगा देतोय. पण महाग पार्ट घेण्याआधी स्टॉप बटणाची तार काढून एकदा बघा. बटणच आतून चिकटत असेल तर कॉइल उगाच बदलाल. तार निघालेल्या इंजिनाला बटण थांबवत नाही. ते चोक ओढून बंद करा आणि ही चाचणी काठावरच घ्या.

पडून राहिलेली इंजिनं, म्हणजे विशेषतः पुराच्या तयारीत ठेवलेल्या बोटींची, बहुतेकदा कार्ब्युरेटरच्या बारीक जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल जाणाऱ्या भोकात, साचलेल्या डिंकासारख्या चिकट थराने अडतात. तळाचा बाउल काढून जेट कार्ब क्लीनरने धुवा. तारेने खुपसू नका, भोक मोठं होतं. एरवी इंजिन पंधरा दिवसांतून एकदा ड्रममध्ये चालवा. ठेवताना पेट्रोलची नळी सोडवून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या.