सुपर-ॲक्रोमॅटिक वेव्हप्लेट: रिटार्डन्स बघता, अक्षही मोजा

पोलरिमेट्रीत, म्हणजे प्रकाशाचं ध्रुवण मोजण्याच्या कामात, नव्याने येणाऱ्यांनो, वेव्हप्लेट ही ध्रुवण बदलणारी स्फटिकाची चकती: तिच्या फास्ट ॲक्सिसवरचा प्रकाश पुढे जातो, आडवा मागे पडतो, आणि जितक्या तरंगांनी मागे पडतो तो रिटार्डन्स. ‘झिरो-ऑर्डर’ (जादा पूर्ण तरंग नसलेली) म्हणजे ‘ॲक्रोमॅटिक’ (सगळ्या रंगांना सारखाच रिटार्डन्स देणारी) नव्हे. ६३३ नॅनोमीटरची क्वार्ट्झ झिरो-ऑर्डर हाफ-वेव्ह प्लेट ८०० ला अर्ध्याऐवजी जेमतेम ०.४ वेव्ह रिटार्डन्स देते. क्वार्ट्झला मॅग्नेशियम फ्लोराइड काटकोनात जोडलं की दोघांचं डिस्पर्शन (रंगागणिक होणारा बदल) एकमेकांना सावरतं. इथवर पुस्तकं सांगतात. पुढचं मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून लिहितो.

निळ्यापासून इन्फ्रारेडपर्यंत एकच प्लेट हवी असेल, तर भौतिकशास्त्रज्ञ पंचरत्नम यांची युक्ती वापरतात. बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत असताना त्यांनी ती १९५५ साली मांडली: तीन प्लेट्स, बाहेरच्या दोघींचे अक्ष समांतर, मधलीचा त्यांच्याशी तिरपा. सुपर-ॲक्रोमॅटिक प्लेटमध्ये या प्रत्येकीच्या जागी क्वार्ट्झ-मॅग्नेशियम फ्लोराइडची जोडी असते. रिटार्डन्सचा आलेख अगदी सपाट येतो. पण फास्ट ॲक्सिस तरंगलांबीनुसार सरकतो, एखाददुसरा अंश.

‘एवढ्याने काय होतंय’ म्हणू नका. हाफ-वेव्ह प्लेटचा अक्ष १ अंश सरकला की ध्रुवणाची दिशा २ अंश चुकते. ध्रुवणाची टक्केवारी मात्र जवळपास बरोबर येते, त्यामुळे संशयच येत नाही. अध्रुवित प्रमाणित तारा बघून खात्री करायला जावं, तर शून्याला दिशाच नसते; ती चाचणीही पास. मग व्ही (हिरवट-पिवळ्या) फिल्टरमध्ये काढलेली दुरुस्ती बी (निळ्या) आणि आय (इन्फ्रारेडलगतच्या) फिल्टरला तशीच लावली जाते, आणि रंगागणिक दिशा वळताना दिसते. ते वळण प्लेटचं असतं, ताऱ्यासमोरच्या धुळीचं नव्हे. त्यावरून त्या धुळीतल्या चुंबकीय क्षेत्राबद्दल काही लिहिलंत तर ते सगळं मागे घ्यावं लागेल.

घाबरू नका, दुरुस्ती कष्टाची आहे पण अवघड नाही, आणि त्यासाठी दुर्बिणीवरची रात्र खर्चावी लागत नाही. वेव्हप्लेटच्या आधी ग्लॅन प्रिझम (प्रकाश पूर्ण ध्रुवित करणारा) बसवा, हॅलोजन दिवा लावा, प्लेट ०, २२.५, ४५, ६७.५ अंशांवर नेत प्रत्येक फिल्टरमध्ये कोन काढा आणि तक्ता करा. चिलीतल्या व्हीएलटी या महादुर्बिणीवरच्या फोर्स (FORS) उपकरणासाठीही असाच तक्ता वापरतात. कॅटलॉगवर विसंबू नका. तिथे बहुधा फक्त रिटार्डन्स छापलेला असतो. ‘सॉफ्टवेअर बघून घेईल’ म्हणणाऱ्या गाईडपेक्षा स्वतः प्लेट बसवलेला सीनियर दहापट उपयोगी, हे माझं ठाम मत आहे. म्युलर मॅट्रिक्स (प्लेट ध्रुवण कसं बदलते ते सांगणारी कोष्टकं) सुरुवातीला डोक्यावरून गेल्या तरी चालेल. पॉइंकारे गोलावर (ज्यावर प्रत्येक बिंदू म्हणजे ध्रुवणाची एक अवस्था) तिन्ही प्लेट्सचे चाप हाताने काढा, अक्ष का सरकतो ते तिथे दिसतं.

मोजताना प्रत्येक कोनावर एकाच बाजूने या. पुढे जाऊन मागे आलात, तर गिअरची ढिलाई तक्त्यात शिरते.