दूध डेअरीचा डेटाबेस: टेबलं कशी पाडायची आणि दहा दिवसांचं बिल पटकन कसं काढायचं

गावातल्या दूध संकलन केंद्राचं सॉफ्टवेअर लिहायला घेतलं की पहिला मोह होतो तो एकच लांबलचक टेबल करायचा, एक्सेलमध्ये असतं तसं, म्हणजे सभासदाचं नाव, मोबाईल, बँक खातं, तारीख, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), दर, रक्कम सगळं एका ओळीत. चालतं पण काही दिवस. मग कोणीतरी बँक बदलतो आणि हजारभर ओळींत खातं नंबर बदलत बसावं लागतं, त्यात चार ओळी जुन्याच राहिल्या की पैसे नक्की कुठल्या खात्यात टाकायचे हे कोण सांगणार?

म्हणून सभासद टेबल वेगळं आणि संकलन वेगळं. संकलनात सभासदाचा आयडी, तारीख, सकाळ की संध्याकाळ, गाय की म्हैस, लिटर, फॅट, एसएनएफ एवढंच, दराचं पुढे बघू. आयडीला फॉरेन की (हा आयडी सभासद टेबलात असलाच पाहिजे असं बंधन) लावा, म्हणजे यादीत नसलेल्या माणसाच्या नावावर दूध पडणार नाही. केंद्रावरचा सभासद कोड मात्र प्रायमरी की (ओळीची कायमची ओळख) करू नका, एखाद्याने दूध घालणं बंद केलं की तोच कोड दुसऱ्याला देऊन मोकळे होतात लोक. सभासद, तारीख, वेळ आणि जनावर या चौघांवर मिळून युनिक (तीच नोंद दुसऱ्यांदा घेऊ न देणारं बंधन) लावा, नाहीतर ऑपरेटरने दोनदा एंटर दाबलं की दोनदा दूध. कोणी दोन किटल्या वेगळ्या मोजून घेत असेल तर किटली नंबर पण त्यात घ्या. लिटर आणि रुपये डेसिमलमध्ये, फ्लोटमध्ये (तिथे दशांश अंदाजे साठतो) अजिबात नको, पैशापैशाचा फरक दहा दिवसांनी भांडणापर्यंत जातो.

आता दर. दर फॅट-एसएनएफवरून दरपत्रकातून येतो, मग तो संकलनात परत कशाला ठेवायचा, असं नॉर्मलायझेशन (एक माहिती एकाच जागी ठेवायची पद्धत) शिकून आलेला हमखास विचारतो. ठेवायचा! उद्या दरपत्रक बदललं तरी कालच्या दुधाला काल लागलेला दर बदलत नाही, ती कालची नोंद आहे, डुप्लिकेट नाही. दरपत्रकाला लागू तारीख द्या आणि जुनं दरपत्रक डिलीट करू नका.

आता बिलाची क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न. इथे बहुतेकांची गोची होते. सभासदाला संकलन जॉइन केलं (म्हणजे जुळणाऱ्या ओळी एकमेकींना जोडल्या), त्यालाच पशुखाद्य नि अॅडव्हान्सचं कपात टेबल जॉइन केलं आणि दोन्हीची बेरीज मागितली. दहा दिवसांत संकलनाच्या २० ओळी आणि कपातीच्या ३ असतील तर जॉइनमधून ६० ओळी निघतात, म्हणजे दुधाची रक्कम तिप्पट आणि कपात वीसपट! यावर डिस्टिंक्ट (सारखी किंमत एकदाच धरणं) मारू नका, दोन दिवस रक्कम सारखी आली तर त्यातली एक गायब होईल. संकलनाची बेरीज एका सबक्वेरीत (क्वेरीच्या आतल्या क्वेरीत) सभासदानुसार ग्रुप बाय करून काढा, कपातीची दुसरीत, आणि मग दोन्ही सभासदाला लेफ्ट जॉइन करा, म्हणजे ज्याची कपातच नाही त्याचं बिल गळणार नाही. तिथे कपात नल (रिकामी किंमत) येईल, ती कोअॅलेसने शून्य करून घ्या, नाहीतर रकमेतून नल वजा केलं की अख्खं बिलच नल.

स्पीडचं बघू. ६०० सभासद, दोन वेळ, वर्षाला ४ लाख ३८ हजार ओळी होतात, डेटाबेससाठी हे काहीच नाही पण इंडेक्स (ओळी पटकन शोधायची सूची) नसेल तर बिलाच्या दिवशी कळतं. एका सभासदाचा हिशोब बघायला सभासद आयडी आणि तारीख असा त्याच क्रमाने एकत्र इंडेक्स. सगळ्यांचं बिल एकदम काढताना फक्त तारखेची अट असते, तिथे हा फारसा उपयोगी नाही कारण तारीख दुसऱ्या नंबरला आहे, त्यासाठी तारखेवर वेगळा इंडेक्स टाका. मायएसक्यूएल डेटाबेसचं इनोडीबी (त्याचं स्टोरेज इंजिन) फॉरेन कीवर स्वतःच इंडेक्स बनवतं, पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस बनवत नाही, हे लक्षात ठेवा, तिथे कपात टेबलवर हाताने टाकावा लागतो.

आणि अट लिहिताना तारखेच्या कॉलमवर महिना काढायचं फंक्शन लावू नका, साधा इंडेक्स तिथे कामाला येत नाही. सरळ १ तारखेपासून ११ तारखेच्या आधीपर्यंत अशी रेंज द्या.

मग क्वेरीच्या पुढे एक्स्प्लेन (डेटाबेस क्वेरी कशी चालवणार ते दाखवणारी कमांड) लावून बघा, पण टेस्टसाठी टाकलेल्या ५० ओळींवर नको, एवढ्याशा टेबलवर इंडेक्स असूनही डेटाबेस सगळं टेबल वाचून काढतो आणि तुम्ही उगाच इंडेक्सवर संशय घेत बसता. खोट्या का होईना, वर्षभराच्या ओळी भरा आणि मग बघा.