स्लॉट कारचा कंट्रोलर एकसारखा चालण्यासाठी : आधी वायपर, मग ओम

चवथीला फोंड्याच्या घरी भावंडांची मुलं जमली की आरत्या आटोपून हॉलमध्ये स्लॉट कारचा, म्हणजे खाचेतून विजेवर धावणाऱ्या छोट्या गाड्यांचा, ट्रॅक मांडायचा, हा आमचा नेम आहे. पहिल्या तासातच तक्रार येते : "मामा, गाडी एक तर हलत नाही, नाही तर वळणावर उडते." बहुतेक वेळा गाडी निर्दोष असते. खोट हातातल्या कंट्रोलरमध्ये असते आणि ती एका संध्याकाळी दुरुस्त होते.

हे सगळं साध्या, तारेच्या रेझिस्टरच्या कंट्रोलरसाठी आहे. डिजिटल सेटच्या कंट्रोलरला यातलं काही करू नका.

आत काय चालतं ते थोडक्यात. रेझिस्टर म्हणजे सिरॅमिकच्या तुकड्यावर रोधाच्या, म्हणजे विजेला अडवणाऱ्या, तारेचे वेढे. ट्रिगर दाबला की वायपर नावाची धातूची पट्टी त्या वेढ्यांवरून सरकते, वाटेतला रोध कमी होत जातो आणि गाडी वेग घेते. ट्रिगर सोडला की वायपर ब्रेकच्या पट्टीवर टेकतो, मोटरची दोन्ही टोकं जोडली जातात आणि फिरती मोटरच स्वतःला आवरते.

गाडी झटके देत असेल तर बहुतेक जण सांगतात, "ओम बदल," म्हणजे कमी-जास्त रोधाचा रेझिस्टर घाल (ओम हे रोधाचं माप). मी हे ठामपणे नाकारतो. आधी वायपर आणि वेढ्यांचा स्पर्श सुधारा. तो खराब असेल तर कितीही ओमचा रेझिस्टर घाला, झटके राहणारच.

कंट्रोलर उघडा, तारांचा फोटो काढा, रेझिस्टर सोडवा. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने काळा थर काढा. आपल्याकडे खाऱ्या, दमट हवेत पितळेच्या आणि तांब्याच्या पट्ट्यांवर कळंक लवकर चढतो. समया कोकमाच्या सोलांनी किंवा चिंचेने लखलखतात म्हणून इथेही तेच वापरा, असं घरातलं कोणीतरी सुचवेलच. नका वापरू. आंबटपणा वेढ्यांच्या फटीत राहतो आणि महिन्याभरात पुन्हा कळंक येतो. मशीनचं तेलही नको. रेझिस्टर तापला की ते जळून काळं होतं.

आता खरं काम. मी पहिल्यांदा केलं तेव्हा वेढ्यांचा माथा सपाट करायला सरळ कानस घेतली. माथा सुरेख चकाकला, पण तार मधोमध इतकी पातळ झाली की दोन संध्याकाळींत तुटली. बदली रेझिस्टर मागवला, तर दुकानदाराने ४५ ओम म्हणून दिलेला मीटरवर २५ निघाला. तेव्हापासून कोणताही रेझिस्टर मोजल्याशिवाय बसवत नाही, आणि कानस तर अजिबात लावत नाही.

१००० नंबरचा पॉलिश पेपर सपाट लाकडी ठोकळ्यावर गुंडाळा. वायपर ज्या वाटेने जातो त्या वाटेवर लांबीने घासू नका, त्याने सैल वेढे एकमेकांवर सरकतात. तार ज्या दिशेने गेली आहे त्या दिशेने, म्हणजे वाटेला आडवं, हलक्या हाताने घासा. दहा-बारा हात झाले की थांबा आणि भिंगातून बघा. प्रत्येक वेढ्याच्या माथ्यावर केसाएवढी चकाकी दिसली की पुरे. मग ब्रशने धातूची पूड पूर्ण झटका. ती दोन वेढ्यांमध्ये अडकली तर तेवढे वेढे शॉर्ट होतात आणि नेमका तिथेच नवा झटका तयार होतो.

वायपरचं टोक बघा. त्याला धार असेल तर ते एक वेढा सोडून दुसऱ्यावर उडी मारतं. त्याच पेपरने टोक किंचित गोलसर करा, म्हणजे मागचा वेढा सुटण्याआधी पुढचा पकडला जाईल. पेटीवर सूर सुटे सुटे येतात, मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणं, गळ्यातून येते. वेढ्यांवरून जाणारा वायपर मुळात पेटीसारखा आहे, त्यातून जमेल तेवढी मींड काढायची आहे. वायपरचा दाबही जपा. सैल असेल तर ठिणग्या पडतात, फार घट्ट असेल तर बोटाला प्रत्येक वेढा जाणवतो.

पुष्कळ कंट्रोलरमध्ये वीज ट्रिगरच्या खिळीतून वायपरकडे जाते आणि ती खिळी गंजते. म्हणून वायपरच्या बुडापासून ट्रॅककडे जाणाऱ्या टर्मिनलपर्यंत बारीक धाग्यांची लवचीक तार सोल्डर करा. सोल्डर तारेत वर चढू देऊ नका, नाही तर ती ताठ होऊन तुटते. थोडा झोल ठेवा.

आता तपासणी. त्यासाठी काट्याचा जुना मल्टीमीटर हवाच. डिजिटल मीटर आकडा उशिरा दाखवतो आणि क्षणभराची तुटकी जागा त्यात दिसतच नाही. कंट्रोलर ट्रॅकपासून सोडवून रेझिस्टरचं वीज येणारं टोक आणि वायपर यांना मीटर लावा, ट्रिगर सावकाश दाबा. काटा एका संथ चालीने शून्याकडे गेला पाहिजे. जिथे थबकेल किंवा मागे उडेल, तिथे पुन्हा भिंग लावा.

एवढं झाल्यावरच ओमकडे वळा. ट्रिगर अर्धा दाबेपर्यंत गाडी हलत नसेल तर रोध जास्त आहे. ४५ ओमच्या रेझिस्टरच्या दोन टोकांना ४७ ओम, १० वॉटचा सिमेंटचा रेझिस्टर समांतर जोडा. सुरुवातीचा रोध ४५ वरून सुमारे २३ वर येतो, मधला २२.५ वरून १७ वर, आणि तीन चतुर्थांश ट्रिगरला ११ वरून जेमतेम १० वर. म्हणजे फरक सुरुवातीला पडतो, जिथे तो हवा असतो. वायपर ब्रेकवर असताना वेढ्यांना टेकत नाही, म्हणून ब्रेकही शाबूत राहतो. हा रेझिस्टर तापतो, प्लॅस्टिकला टेकू देऊ नका.

उलट, स्पर्श करताच गाडी उसळत असेल तर रोध कमी आहे. तेव्हा जास्त ओमचा रेझिस्टरच बसवा. ट्रॅकच्या तारेत एखादा रेझिस्टर सिरीजमध्ये घालायचा सल्ला सर्रास मिळतो. तो ट्रिगर पूर्ण दाबल्यावरही वाटेत राहतो आणि सरळ पट्टीवरचा वेग खातो.

ट्रिगरची स्प्रिंग एक पायरी हलकी घ्या, बोट दमत नाही. मग सगळ्यात अरुंद वळणातून गाडी अगदी सावकाश, पण न थांबता नेऊन बघा. जमलं की कंट्रोलर बंद करा. जून लागायच्या आत तो सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि चवथीला काढाल तेव्हा ट्रॅकला जोडण्याआधी ब्रेकची पट्टी एकदा अल्कोहोलने पुसून घ्या.