सहसंबंधाला कारण समजण्याची चूक: तर्काच्या प्रश्नांत ती कशी पकडायची

'क आणि ख एकत्र दिसतात, म्हणजे क मुळेच ख होते' अशी उडी सीसॅट (नागरी सेवा पूर्वपरीक्षेतली कल चाचणी) आणि क्लॅट (कायद्याची प्रवेश परीक्षा) यांच्या युक्तिवादांत वारंवार येते. पर्याय वाचण्याआधी निष्कर्षाचे वाक्य शोधा आणि त्याचे क्रियापद पाहा. 'वाढवते', 'टाळते' असेल तर दावा कारणाचा आहे. नुसते 'आढळते' असेल तर नाही. मराठी उताऱ्यात 'त्यामुळे' हमखास फसवतो, कारण तो कारणही सांगतो आणि निष्कर्षही. तिथे 'यावरून' घालून वाचा. अर्थ तोच राहिला तर तो निष्कर्ष.

मग तीन शंका घ्या. ख मुळे क होत असेल का? नुसती कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली असेल का? की दोन्हींमागे तिसरेच काही आहे? ही तिसरी शंका सर्वांत कामाची.

रजोनिवृत्तीनंतर संप्रेरके (हार्मोन्स) घेणाऱ्या स्त्रियांत हृदयविकार कमी दिसे, म्हणून संप्रेरके हृदय जपतात असे अनेक डॉक्टर मानत. पण त्या स्त्रिया मुळातच सुस्थितीतल्या, तब्येतीची काळजी घेणाऱ्या असत. अमेरिकेतल्या 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह'ने १६,६०८ स्त्रियांपैकी कोणाला संप्रेरकांची जोडगोळी आणि कोणाला औषध नसलेली गोळी द्यायची, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरवले. २००२ मध्ये ही चाचणी मुदतीआधीच थांबवली गेली. संप्रेरके घेणाऱ्या गटात स्तनाचा कर्करोग आणि हृदयविकार, दोन्ही जास्त निघाले होते.

हाच जुना युक्तिवाद परीक्षेत आला आणि तो कमकुवत करायचा असेल, तर 'धूम्रपानानेही हृदयविकार होतो' हा पर्याय घेऊ नका. कोणत्या गटात धूम्रपान जास्त, हे तो सांगतच नाही. 'संप्रेरके न घेणाऱ्यांत धूम्रपान जास्त होते' हे मात्र नेमके लागते. 'संप्रेरके घेऊनही काहींना झटका आला' हेही चुकीचे, कारण धोका कमी होतो असा दावा होता, शून्य होतो असा नव्हे.

बळकटी देणारा पर्याय बहुधा अगदी साधा दिसतो: 'दोन्ही गटांचे वय, उत्पन्न आणि व्यायाम सारखे होते.' नवे काहीच सांगत नाही असे वाटून विद्यार्थी तोच सोडतात. गृहीतक, म्हणजे युक्तिवादाने न सांगता धरून चाललेली गोष्ट, विचारले असेल तर पर्याय उलटा करून पाहा. युक्तिवाद कोसळला तर उत्तर तेच.

मात्र गट चिठ्ठ्या टाकून पाडले होते असे उताऱ्यातच लिहिले असेल, आणि गट पुरेसे मोठे असतील, तर तिसऱ्या घटकाचा आक्षेप सहसा टिकत नाही. तेव्हा फट दुसरीकडे शोधा, उदाहरणार्थ स्त्रियांवरच्या चाचणीतून पुरुषांबद्दल काढलेल्या निष्कर्षात.