इंदूरच्या गच्चीवर अल्कान्टेरिया: या चुका टाळा

अल्कान्टेरिया इम्पेरियालिस ही मूळची ब्राझीलची वनस्पती, रिओ दि जानेरोजवळच्या सेर्रा दोस ऑर्गाओस डोंगरांतली. तिथे ती उघड्या ग्रॅनाइटच्या कड्यांवर वाढते. अननस तिच्याच कुळातला. मुळांचे मुख्य काम खडकाला घट्ट धरून राहणे. पाणी आणि अन्न बरेचसे पानांच्या बुडाशी असलेले सूक्ष्म खवले शोषून घेतात, आणि पाने एकमेकांत बसून मधोमध जो पेला होतो तोच तिचा साठा. हे ध्यानात न घेता तिला गुलाबासारखे वाढवले जाते आणि तिथेच घोटाळा होतो.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे माळव्याची काळी माती. ती पाणी धरून ठेवते आणि झाडाचे बूड कुजते. दोन भाग पाइनची साल, एक भाग विटांचे बारीक तुकडे, एक भाग जाडसर कोकोपीट आणि मूठभर कोळसा एवढे मिश्रण पुरते. दोन फूट पसाऱ्याच्या झाडाला बारा इंची जड मातीची कुंडी द्या, म्हणजे वाऱ्याने कलंडत नाही. खालची पाने मिश्रणात गाडू नका.

पाण्याचेही तसेच. बोअरचे पाणी जड असते. पेल्यात ते आटले की पानांवर पांढरी रेघ उमटते आणि टोके करपतात. आरओ मशीनच्या नळीतून वाया जाणारे पाणी तर मुळीच घालू नका, त्यात क्षार आणखी दाट झालेले असतात. पावसाचे पाणी साठवा. नाहीतर आरओचे शुद्ध पाणी वापरा. आठवड्यातून एकदा कुंडी तिरकी करून पेला पूर्ण रिकामा करा आणि ताजे पाणी भरा. हा नेम चुकवू नका, कारण डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच साचलेल्या पाण्यात अंडी घालतो.

पेल्यात युरिया किंवा डीएपीचे दाणे टाकले की कोवळा गाभा जळतो. नत्र जास्त झाले तर पाने हिरवी, लांबट, लेचीपेची होतात आणि तांबूस छटा जाते. हळू विरघळणारे खत थोडेसे, तेही फक्त मिश्रणात.

बुरशी दिसली की हात बोर्डो मिश्रणाकडे, म्हणजे मोरचूद आणि चुन्याच्या फवारणीकडे जातो. थांबा! त्यातले तांबे या कुळाला विषारी आहे. कॉपर ऑक्सिक्लोराइडही नको. मधले पान हलकेच ओढून पाहा. ते सहज निघाले आणि बुडाशी तपकिरी, घाण वासाचे असेल तर गाभा कुजतो आहे. पाणी ओतून टाका, पेला धुवा, झाड दोन-तीन दिवस उलटे निथळू द्या आणि तांबे नसलेले बुरशीनाशक वापरा.

कड्यावर उन्हात वाढते म्हणून मे महिन्यात उघड्या गच्चीवर ठेवू नका. पेल्यातले पाणी तापून गाभा शिजतो. पन्नास टक्के शेडनेट बांधा. डिसेंबर-जानेवारीच्या गार रात्री पेल्यात पाणी अगदी थोडे असू द्या.

पानांवरची पांढरट भुकटी फडक्याने पुसू नका. ती धूळ नाही, झाडाचेच आवरण आहे.

बियांपासून वाढवलेल्या झाडाला फुलायला दहा वर्षे किंवा जास्तही लागतात. फुलोऱ्याचा दांडा माणसाहून उंच जातो आणि त्यानंतर झाड हळूहळू वाळते. तो रोग नव्हे, त्यावर औषध मारत बसू नका. लहानपणी बुडाशी गवतासारखी पिल्ले येतात. ती दहा-पंधरा सेंटिमीटरची झाली की तेव्हाच वेगळी करून लावा. मोठे झाल्यावर झाड पिल्ले फारशी देत नाही.