धमनीतले जीवाणू शोधताय? या चुका टाळा

प्रबंधाची तारीख जवळ आली की मराठवाड्यातल्या लेकरांचे फोन सुरू होतात. "सर, पीसीआर पॉझिटिव्ह, पण इम्युनोस्टेन निगेटिव्ह. खरं काय धरू?" (पीसीआर म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवून जीवाणू शोधणं, इम्युनोस्टेन म्हणजे अँटिबॉडी लावून ऊतीच्या कापात तो रंगवणं.) माझा प्रश्न एकच असतो: नमुन्याऐवजी नुसतं पाणी घातलेल्या ट्यूबचं काय आलं? पलीकडून आवाज बंद.

नांदेडकडचा एक विद्यार्थी कॅरोटिडमधून, म्हणजे मानेतल्या धमनीतून, काढलेल्या चरबीच्या थरात क्लॅमिडिया न्यूमोनिया हा जीवाणू शोधत होता. नेस्टेड पीसीआर (पहिल्या फेरीतला माल घेऊन दुसरी फेरी), जेलवर झाडून सगळ्या लेनमध्ये बँड, म्हणजे डीएनएची पट्टी. स्वारी खूश. निगेटिव्ह कंट्रोल, म्हणजे तीच पाण्याची ट्यूब, मागितला तर म्हणतो, "पहिल्या फेरीत लावला होता की सर." दुसऱ्या फेरीत लावायला सांगितलं, पाण्यातही तोच ठळक बँड! पहिल्या फेरीच्या ट्यूब त्याच टेबलावर उघडायचा आणि मे महिना म्हणून डोक्यावर पंखा गरगरत. त्या ट्यूबमध्ये डीएनएच्या कोट्यवधी प्रती असतात, झाकण उघडलं की बारीक तुषार उडतात. महिनाभराचं काम कचऱ्यात.

मी तरी डीएनए काढण्यापासून शेवटच्या फेरीपर्यंत, दर चार-पाच नमुन्यांमागे पाण्याची एक ट्यूब ठेवतो. मिश्रण एका खोलीत, नमुना दुसऱ्या, जेल तिसऱ्या. त्या खोल्यांचे अ‍ॅप्रनही वेगळे. नेस्टेडचा हट्ट सोडा, बंद ट्यूबमधली रिअल-टाइम पीसीआर घ्या, तिथं ट्यूब न उघडताच निकाल दिसतो. "नेस्टेड जास्त संवेदनशील" हे मलाही ठाऊक आहे, पण 2001 साली छापलेल्या एका अभ्यासात नऊ केंद्रांना तेच नमुने वाटले तेव्हा पद्धतीनुसार पॉझिटिव्हचं प्रमाण 0 पासून 60 टक्क्यांपर्यंत गेलं होतं. घाईवाल्यांनी हा आकडा भिंतीवर चिकटवावा.

थराचा एक तुकडा पीसीआरला, दुसऱ्या टोकाचा स्टेनला आणि मग "पद्धती जुळत नाहीत"! जीवाणू असले तरी ठिकठिकाणी विखुरलेले असतात. लागून असलेले काप वाटून द्या, एकाच कापावर निकाल लावू नका.

इम्युनोस्टेनमध्ये फेसाळ पेशी (चरबीनं भरलेल्या) आणि सेरॉइड (चरबीपासून बनलेलं रंगद्रव्य) उगाच रंग धरतात. शेजारच्या कापावर असंबंधित अँटिबॉडी लावून बघा, तिथंही रंग आला तर तो खोटा.

ब्लड अगरवर (जीवाणू वाढवायच्या रक्तमिश्रित माध्यमावर) क्लॅमिडिया वाढत नाही. जिवंत पेशी लागतात. हे अजून सांगावं लागतं, काय बोलावं!

फॉर्मॅलिनमधल्या ऊतीतला डीएनए तुटलेला असतो. प्रायमर (कुठला भाग वाढवायचा ते ठरवणारे डीएनएचे छोटे धागे) छोट्या तुकड्याचे घ्या. रक्तातलं हीम पीसीआर अडवतं, म्हणून अंतर्गत कंट्रोल (त्या ट्यूबमध्ये पीसीआर चालली याचा पुरावा) नसलेला निगेटिव्ह निकाल मी वाचतसुद्धा नाही.

आणि रक्तात अँटिबॉडी वाढलेली दिसली म्हणून धमनीत जीवाणू सापडला असं लिहू नका. परीक्षक तिथंच धरतो.